जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स: राष्ट्राध्यक्ष होण्याआधीचा मुत्सद्दी

दर्यावर्दी

अमेरिकेच्या सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षांचा विषय निघाला की गाडी वॉशिंग्टन आणि जेफरसन या दोन स्टेशनांपुढे सहसा जात नाही. सहावा राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हा 'दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचा मुलगा' एवढ्याच ओळखीवर राहतो. त्याची १८२५ ते १८२९ ही अध्यक्षपदाची चार वर्षं फारशी गाजली नाहीत हे खरंच आहे. मला लिहायचंय ते त्याआधीच्या काळाबद्दल. पाठीशी आरमार नाही, खजिन्यात पैसा नाही, युरोपच्या दरबारांत कुणी हिंग लावून विचारत नाही, अशा देशाचा वकील, म्हणजे परदेशातला प्रतिनिधी, म्हणून या माणसाने जे काम केलं, त्याला तोड नाही असं माझं ठाम मत आहे. मन्रो सिद्धांत (युरोपने अमेरिका खंडांत लुडबूड करू नये हे १८२३ चं धोरण) सगळ्यांना शाळेपासून माहीत असतो. पण अ‍ॅडम्सचा कस लागला तो सेंट पीटर्सबर्ग आणि गेंट इथे.

जन्म ११ जुलै १७६७, मॅसॅच्युसेट्समधलं ब्रेन्ट्री गाव. जून १७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातली बंकर हिलची लढाई झाली तेव्हा पोरगा सात वर्षांचा होता. आई अबिगेल त्याला जवळच्या पेन्स हिलवर घेऊन गेली आणि तिथून त्याने चार्ल्सटाउन जळताना पाहिलं. दहाव्या वर्षी बापाबरोबर युद्धनौकेतून फ्रान्सला गेला. दुसऱ्या खेपेला, १७७९ च्या नोव्हेंबरात, जहाजाला गळती लागली, ते कसंबसं स्पेनच्या फेरोल बंदराला लागलं आणि तिथून ऐन हिवाळ्यात खेचरांवरून डोंगर ओलांडत मंडळी पॅरिसला पोचली. याच प्रवासात त्याने रोजनिशी सुरू केली. ती पुढे जवळजवळ मरेपर्यंत चालली आणि तिचे ५१ खंड झाले.

चौदाव्या वर्षी तो थेट रशियात. फ्रान्सिस डाना नावाचा अमेरिकन वकील कॅथरिन राणीच्या दरबारी निघाला होता. दरबाराची भाषा फ्रेंच, आणि डानाला फ्रेंच येईना. म्हणून हा मुलगा दुभाषा आणि चिटणीस म्हणून बरोबर गेला. राणीने डानाला भेट दिलीच नाही. कुणी भेटत नाही, कुणी पत्राला उत्तर देत नाही, अशा शहरात त्याने वर्षभराहून जास्त काळ काढला आणि पुस्तकं वाचली. पुढे स्वीडन, डेन्मार्क करत हेगला परतला. १७८३ साली ब्रिटनशी अंतिम तह झाला तेव्हा तो पॅरिसमध्ये बापाच्या हाताखाली कागदपत्रं उतरवून काढत होता. सोळा वर्षांचं वय!

१७९४ साली वॉशिंग्टनने त्याला हॉलंडला वकील म्हणून पाठवलं. तो पोचून काही महिने होतात न होतात तोच फ्रेंच फौजा देशात घुसल्या आणि तिथला सत्ताधीश इंग्लंडला पळाला. अ‍ॅडम्स जागचा हलला नाही. तिथे बसून त्याने युरोपभरच्या राजकारणाचे जे खलिते धाडले, ते वाचून वॉशिंग्टनचं मत झालं की परदेशात असलेल्या आपल्या माणसांत हा सर्वांत मोलाचा. म्हणूनच बाप जॉन अ‍ॅडम्स स्वतः राष्ट्राध्यक्ष होत असताना वॉशिंग्टनने त्याला आवर्जून कळवलं, मुलगा आहे म्हणून त्याची बढती अडवू नका. मग नेमणूक झाली प्रशियाला. १७९७ मध्ये बर्लिनच्या वेशीवर पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटने त्याला अडवलं. युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका म्हणजे काय हे त्या अधिकाऱ्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी त्याच्याच एका शिपायाने त्याला समजावलं, तेव्हा गाडी आत गेली. या एका प्रसंगावरून त्या काळी अमेरिकेची पत काय होती ते कळतं.

मधली सिनेटची वर्षं थोडक्यात सांगतो. १८०३ ते १८०८ तो सिनेटर होता. स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन त्याने लुईझियाना खरेदीला आणि नंतर जेफरसनच्या व्यापारबंदीला पाठिंबा दिला. पक्षाने मुदतीआधीच त्याच्या जागी दुसरा माणूस निवडला आणि याने राजीनामा दिला.

१८०९ साली राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने त्याला रशियाला पाठवलं. पगार वर्षाला ९ हजार डॉलर. फ्रेंच राजदूत कोलँकूरचा थाट असा की त्याच्या मेजवान्यांपुढे अमेरिकन वकिलाने काय करावं! अ‍ॅडम्सने ठरवलं, कर्ज काढून थाट करायचा नाही. घर साधं, कपडे तेच ते. दरबारात हे लोकांच्या लक्षात यायचं. पण झार अलेक्झांडर रोज नेवा नदीच्या धक्क्यावर पायी फिरायला यायचा आणि अ‍ॅडम्सही. दोघांची गाठ पडे, थंडीच्या, प्रवासाच्या गप्पा होत, आणि हळूहळू राजकारणाच्याही.

पहिली परीक्षा लगेच आली. नेपोलियनच्या दबावाखाली डेन्मार्कने अमेरिकन व्यापारी जहाजं अडकवून ठेवली होती. अ‍ॅडम्सने चॅन्सलर रुम्यान्त्सेवला विनंती केली की झारने मध्ये पडावं. आपल्याला त्याबाबत कसल्याही सूचना नाहीत हेही त्याने सांगून टाकलं. रुम्यान्त्सेवने सभ्य शब्दांत नकार दिला. फ्रान्सला दुखवणं शक्य नव्हतं. पण दोन-तीन दिवसांतच त्याने अ‍ॅडम्सला बोलावून घेतलं आणि सांगितलं, बादशहांचं मत वेगळं पडलं, डेन्मार्कला निरोप गेला आहे. पुढे १८१० च्या अखेरीस झारने फर्मान काढून तटस्थ जहाजांना रशियाची बंदरं मोकळी केली आणि फ्रेंच ऐषारामी मालावर जबर जकात बसवली. नेपोलियन आणि झार यांच्यात जी तेढ पडली तिची ही एक मोठी पायरी. हे सगळं अ‍ॅडम्सने घडवलं असं मी म्हणणार नाही. रशियाला अमेरिकन जहाजांतून येणारी साखर, कॉफी हवीच होती. अ‍ॅडम्सचं काम एवढंच, की रशियाचा फायदा कशात आहे हे तो योग्य माणसाला, योग्य वेळी, आवाज न चढवता सांगत राहिला. १८१२ च्या वसंतात झारने त्याला धक्क्यावरच सांगितलं की जे युद्ध टाळायला आपण इतकं केलं ते अखेर येतंच आहे.

आता गेंट. १८१२ पासून अमेरिका-ब्रिटन युद्ध चालू होतं. ऑगस्ट १८१४ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात वाटाघाटी सुरू झाल्या. अमेरिकेकडून पाच जण: अ‍ॅडम्स, हेन्री क्ले, अल्बर्ट गॅलाटिन, जेम्स बेयार्ड आणि जोनाथन रसेल. पाचही जण एकाच घरात राहायचे. क्लेच्या खोलीत रात्रभर पत्ते चालायचे. अ‍ॅडम्स पहाटे उठायचा तेव्हा क्लेची मंडळी खोलीतून बाहेर पडत असायची. त्याने हे रोजनिशीत नोंदवलंय. तो मसुदे लिहायचा, बाकीचे चौघे त्याची कापाकापी करायचे, तेही नोंदवलंय.

ब्रिटिशांच्या मागण्या ऐकून कुणीही सामान बांधलं असतं. मूलनिवासी जमातींसाठी मधे वेगळा मुलूख, कॅनडालगतच्या मोठ्या सरोवरांवर अमेरिकेने युद्धनौका ठेवायच्या नाहीत, मेन प्रदेशाचा एक तुकडा. त्यातच बातमी आली की ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळलं. तरी हे पाच जण उठून गेले नाहीत. आणि मग त्यांच्यातच जुंपली! १७८३ च्या तहात बापाने न्यूफाउंडलंडजवळच्या मासेमारीचा हक्क मिळवला होता, तो अ‍ॅडम्स सोडायला तयार नाही. त्याच तहाने ब्रिटिशांना मिसिसिपी नदीत जहाजं हाकण्याचा हक्क होता, तो केंटकीचा क्ले पुन्हा द्यायला तयार नाही. गॅलाटिनने दोघांना शांत केलं, आणि शेवटी तहात मासळीचाही उल्लेख आला नाही, नदीचाही नाही. २४ डिसेंबर १८१४ ला सह्या झाल्या. युद्धापूर्वी ज्याचं जे होतं ते त्याचं, या तत्त्वावर. ज्या कारणावरून युद्ध पेटलं, म्हणजे अमेरिकन खलाशांना ब्रिटिश आरमारात जबरदस्तीने भरती करणं, त्याबद्दल तहात अक्षर नाही.

यालाच काही लोक अपयश म्हणतात. राजधानी जळालेली, खजिना रिकामा, आणि समोर नुकतंच नेपोलियनला नमवलेलं साम्राज्य असताना एक इंचही जमीन न देता उठणं, हे मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

पुढचं परराष्ट्रमंत्रिपद वगैरे प्रतिसादांत बोलू.

निळावंती

सुरेख लेख. पण रशियाचं प्रकरण त्याची बायको लुईझा हिच्याशिवाय पुरं होत नाही, म्हणून भर घालते.

लुईझा जॉन्सन. जन्म लंडनचा, लग्न १७९७ साली लंडनमध्येच. रशियाला जाताना थोरली दोन मुलं, जॉर्ज आणि जॉन, आजीआजोबांकडे ठेवायची हे नवऱ्याने आणि सासऱ्याने ठरवून टाकलं. तिला विचारलंसुद्धा नाही. त्या दोघांचं तोंड तिने पुढे सहा वर्षांनी पाहिलं. पीटर्सबर्गला १८११ मध्ये मुलगी झाली आणि १८१२ मध्ये, नेपोलियन मॉस्कोत शिरला त्याच सुमाराला, ती वर्षाची पोर गेली. तिथेच पुरली. मॅडिसनने अ‍ॅडम्सला सुप्रीम कोर्टात न्यायाधीश नेमलं होतं, सिनेटने मान्यताही दिली होती. त्याने ते नाकारलं. बायको गरोदर आहे, प्रवास झेपणार नाही, हे एक कारण त्यानेच दिलंय.

आणि मग तो प्रवास. गेंटचं काम संपल्यावर नवऱ्याचं पत्र आलं की घर मोडून पॅरिसला ये. १२ फेब्रुवारी १८१५, तिचा चाळिसावा वाढदिवस, त्या दिवशी ती सात वर्षांच्या चार्ल्सला घेऊन निघाली. आधी बर्फावरून घसरत जाणारी गाडी, मग चाकं लावून. वाटेत नेपोलियनच्या युद्धाने उद्ध्वस्त केलेली गावं. तो एल्बा बेटावरच्या कैदेतून निसटल्याची बातमी आली तसे गडी फ्रँकफर्टला सोडून गेले. पॅरिसच्या अलीकडे बादशाही गार्डच्या सैनिकांनी आणि त्यांच्यामागून चालणाऱ्या बायकांनी तिची गाडी अडवली. गाडी रशियन दिसली, 'ओढा यांना बाहेर' असा गलका सुरू झाला. तिने कागद दाखवले आणि उत्तम फ्रेंचमध्ये नेपोलियनचा जयजयकार केला. सुटली. २३ मार्चला पॅरिस. नेपोलियन तिच्या तीन दिवस आधी पोचला होता.

ही हकिगत तिने स्वतः १८३६ मध्ये लिहून ठेवली, म्हणून आपल्याला माहीत. अ‍ॅडम्सच्या चिकाटीचं कौतुक करताना तिची किंमत कुणी मोजली तेही या धाग्यावर असायला हवं.

वाटसरू

+१ निळावंती.

आपल्याकडच्या वाचकांसाठी दोन दुवे. पहिला, गेंटमध्ये ब्रिटिश अचानक नरमले त्याचं एक मोठं कारण ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तोच आर्थर वेलस्ली, ज्याने सप्टेंबर १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. नोव्हेंबर १८१४ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्याला विचारलं, कॅनडात जाऊन सैन्याची सूत्रं घेता का? त्याने उत्तर दिलं की सरोवरांवर आरमाराचा वरचष्मा असल्याशिवाय सेनापती पाठवून उपयोग नाही, आणि युद्धाची आजची स्थिती पाहता अमेरिकेकडून मुलूख मागायचा तुम्हाला हक्कच पोचत नाही. दोनच महिन्यांपूर्वी प्लॅट्सबर्गजवळ, शॅम्प्लेन सरोवरावर ब्रिटिशांनी मार खाल्ला होता, त्याचा हा परिणाम. तेव्हा श्रेय वाटायचं तर थोडं त्या सरोवरावरच्या खलाशांनाही द्या.

दुसरा दुवा मुंबईचा. गेंटनंतर अ‍ॅडम्स, क्ले आणि गॅलाटिन लंडनला गेले आणि ३ जुलै १८१५ रोजी त्यांनी ब्रिटनशी व्यापारी करार केला. त्याच्या तिसऱ्या कलमात कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि प्रिन्स ऑफ वेल्स बेट (म्हणजे पिनांग) ही नावं आहेत. अमेरिकन जहाजांनी या बंदरांत यावं, माल घ्यावा, पण तो थेट अमेरिकेतच न्यावा, आणि किनाऱ्यावरचा बंदर-ते-बंदर व्यापार करू नये, अशी अट. मुंबईचं नाव असलेल्या कागदावर भावी राष्ट्राध्यक्षाची सही आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर्कटपंथी

लेख आवडला, पण एकतर्फी आहे. दोन गोष्टी राहिल्यात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

एक. युद्धात हजारो गुलाम मळे सोडून ब्रिटिश जहाजांवर गेले होते. ब्रिटिशांनी त्यांना स्वातंत्र्य देऊ केलं होतं. गेंटच्या पहिल्याच कलमाचा आधार घेऊन अमेरिकेने मागणी केली की ते परत द्या, नाहीतर भरपाई द्या. लंडनमध्ये ही मागणी रेटणारा वकील कोण? अ‍ॅडम्स. पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूलने त्याला सांगितलं की माणसं आणि इतर मालमत्ता यांत फरक आहे. अ‍ॅडम्सला तो फरक कबूल होता, तरी मागणी त्याने सोडली नाही. पुढे तो परराष्ट्रमंत्री असताना हे भांडण लवादाकडे गेलं. लवाद कोण, तर झार अलेक्झांडर! निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला आणि १८२६ मध्ये, म्हणजे अ‍ॅडम्स अध्यक्ष असताना, ब्रिटनने १२,०४,९६० डॉलर द्यायचं कबूल केलं. नेवाकाठच्या ओळखीचं हे एक फळ गुलामांच्या मालकांच्या खिशात गेलं.

दोन. फ्लोरिडा. १८१८ मध्ये अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सन स्पेनच्या मुलखात घुसला, किल्ले घेतले, सेमिनोल लोकांची गावं जाळली, दोन ब्रिटिश नागरिकांना मृत्युदंड दिला. राष्ट्राध्यक्ष मन्रोच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री कॅल्हूनसकट सगळे त्याच्या विरोधात. एकटा अ‍ॅडम्स त्याच्या बाजूने उभा राहिला आणि स्पेनला उलट सुनावलं: फ्लोरिडात बंदोबस्त ठेवा, नाहीतर आम्हाला देऊन टाका. मुत्सद्देगिरी म्हणून बिनतोड आहे. न्याय म्हणून?

दर्यावर्दी

तर्कटपंथी, दोन्ही मुद्दे नेमके आहेत आणि यांतला एकही मला खोडायचा नाही.

फ्लोरिडापासून घेतो. २२ फेब्रुवारी १८१९ चा अ‍ॅडम्स-ओनिस तह हा नुसता फ्लोरिडाचा तह नव्हता. स्पेनचा वकील लुईस दे ओनिस याच्याशी नकाशा पसरून महिनोन्‌महिने घासाघीस चालली होती. सबीन नदी, रेड नदी, आर्कान्सा नदी आणि मग ४२ व्या अक्षांशावरून सरळ पॅसिफिक महासागरापर्यंत, अशी रेघ त्याने ओढून घेतली. नद्यांचा मध्य धरायचा की काठ, यावरही तो अडून बसला आणि पलीकडचा काठ मिळवला. म्हणजे नदी पूर्ण अमेरिकेची. बदल्यात स्पेनला रोकड मिळाली नाही. स्वतःच्याच नागरिकांचे स्पेनवरचे ५० लाख डॉलरपर्यंतचे दावे फेडण्याची हमी अमेरिकेने घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनशी ४९ व्या अक्षांशाची हद्द रॉकी पर्वतापर्यंत ठरली होती. देश पहिल्यांदाच एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत कागदावर पोचला. तह झाला त्या दिवसाबद्दल त्याने लिहिलंय की हा बहुधा आपल्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस.

आणि त्या जमिनीवर राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. सेमिनोल लोकांना नाही, नदीपलीकडच्यांना नाही. जॅक्सनच्या बचावाचा त्याचा खलिता वाचला तर त्याची बुद्धी दिसते आणि बुद्धी कशासाठी वापरली तेही दिसतं. गुलामांच्या भरपाईचं प्रकरण मला त्याहून जड जातं. १८२० मध्ये मिझूरी राज्यात गुलामगिरी चालू द्यायची का, या वादाच्या वेळी तो खासगीत लिहीत होता की गुलामगिरी हा देशाच्या आत्म्यावरचा डाग आहे आणि हा वाद म्हणजे एका मोठ्या शोकांतिकेचं नुसतं मुखपृष्ठ आहे. रात्री हे लिहायचं आणि सकाळी कचेरीत जाऊन मालकांची वसुली करायची. सरकारी वकिलाचं काम म्हणजे अशिलाची बाजू, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्यालाही वाटलं नसावं, असं त्याच्या पुढच्या आयुष्यावरून मी म्हणतो.

कारण अध्यक्षपद गेल्यावर हा माणूस घरी बसला नाही. १८३१ पासून प्लिमथचा साधा प्रतिनिधी म्हणून खालच्या सभागृहात बसला. राष्ट्राध्यक्षपद भूषवून नंतर त्या सभागृहात गेलेला तो एकटाच. १८३६ मध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी नियम केला की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज वाचायचेही नाहीत. अ‍ॅडम्स अर्ज घेऊन उभा राहायचा, आरडाओरडा व्हायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. डिसेंबर १८४४ मध्ये तो नियम रद्द झाला. आणि १८४१ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, गुलाम म्हणून नेताना बंड केलेल्या अ‍ॅमिस्टॅड जहाजावरच्या आफ्रिकनांसाठी तो सुप्रीम कोर्टात उभा राहिला. त्यांना परत द्या म्हणून स्पेन मागे लागलं होतं, अमेरिकन सरकार स्पेनच्या बाजूने, आणि स्पेनचा आधार होता एका जुन्या तहाच्या कलमाचा. ते कलम अ‍ॅडम्सला पाठ होतं, कारण १८१९ च्या तहात ते त्यानेच कायम ठेवलं होतं! जहाजावरचा 'माल' परत करण्याचं कलम माणसांना लागूच होत नाही, असा त्याने कोर्टात युक्तिवाद केला. ९ मार्च १८४१ ला ते लोक सुटले.

रानवारा

मन्रो सिद्धांताबद्दल लेखकाने हात आखडता घेतलाय, म्हणून विचारते. तो खरा कुणाचा? मन्रोचा की अ‍ॅडम्सचा?

वाटसरू

@रानवारा, दोघांचा, पण कणा अ‍ॅडम्सचा. ऑगस्ट १८२३ मध्ये ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅनिंग याने सुचवलं की दक्षिण अमेरिकेतल्या नव्या देशांत युरोपने लुडबूड करू नये, असं आपण दोघं मिळून जाहीर करू. म्हाताऱ्या जेफरसनने आणि मॅडिसनने मन्रोला सल्ला दिला की हो म्हणा. अ‍ॅडम्स अडला. त्याचं म्हणणं, ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे बांधलेल्या होडीसारखं जाण्यापेक्षा आपलं म्हणणं आपण सरळ रशियाला आणि फ्रान्सला सांगावं. शिवाय कॅनिंगच्या मसुद्यात आपण त्या प्रदेशातली जमीन घेणार नाही असंही वचन होतं, आणि क्यूबाकडे बघता ते द्यायची अ‍ॅडम्सची तयारी नव्हती. मन्रोला ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दलही जोरदार लिहायचं होतं. ते अ‍ॅडम्सने सौम्य करायला लावलं: युरोपने इकडे येऊ नये म्हणायचं तर आपणही तिकडे जाऊ नये. २ डिसेंबर १८२३ ला मन्रोच्या वार्षिक संदेशात ते आलं. अमलात आणण्याचं बळ अर्थात ब्रिटिश आरमाराचंच होतं.

४ जुलै १८२१ चं त्याचं भाषणही याच्या जोडीला वाचावं. अमेरिका परदेशात राक्षस शोधून मारायला जात नाही, ती सर्वांच्या स्वातंत्र्याचं शुभ चिंतते पण रक्षण स्वतःच्याच करते, असं त्याने म्हटलं. आजही अमेरिकन सैन्य बाहेर पाठवण्यावर वाद झाला की ते वाक्य निघतंच.

बोस्टनकर

माझं घर क्विन्सीपासून (लेखातल्या ब्रेन्ट्रीच्या त्या भागाचं आताचं नाव) लांब नाही, म्हणून थोडं तिथलं. बोस्टनहून रेड लाइनने जाता येतं. बाप आणि मुलगा जन्मले ती दोन लाकडी घरं एकाच आवारात, अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. बुटकी छपरं, आत मोठी चूल. गावातल्या चर्चच्या तळघरात दोन्ही राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या बायका, चौघांच्या ग्रॅनाइटच्या शवपेट्या आहेत.

मला सगळ्यांत आवडतं ते जुन्या घराच्या बागेतलं दगडी ग्रंथालय. जॉन क्विन्सीने मृत्युपत्रात सांगून ठेवलं होतं की पुस्तकांसाठी आगीपासून सुरक्षित अशी वेगळी इमारत बांधा. मुलगा चार्ल्सने १८७० मध्ये ती बांधली. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं, १२ हजारांहून जास्त, कितीतरी भाषांतली. रोजनिशीचे मूळ खंड बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत आणि पानांच्या प्रतिमा त्यांनी सर्वांसाठी ऑनलाइन ठेवल्यात. हस्ताक्षर बारीक पण नीट वाचता येतं. उतारवयात त्याचा हात कापायचा, ते पानांवर दिसतं.

तर्कटपंथी

दर्यावर्दी, उत्तर पटलं, विशेषतः अ‍ॅमिस्टॅडच्या कलमाचं. आता तिसरं प्रकरण. १८४१ च्या अखेरीस बोस्टनमध्ये त्याने अफूच्या युद्धावर व्याख्यान दिलं आणि ब्रिटनची बाजू घेतली. अफू हे निमित्त, खरं कारण चीनच्या बादशहापुढे साष्टांग घालायची सक्ती, असं त्याचं म्हणणं. राष्ट्रं समान दर्जाची असतात आणि व्यापार हा त्यांचा हक्क, हे त्याचं आवडतं तत्त्व त्याने तिथे लावलं. बोस्टनच्या श्रोत्यांनाही ते रुचलं नाही, आणि ज्या नियतकालिकाकडे ते गेलं त्याने छापायला नकार दिला. आपल्याला हे जवळचं, कारण ती अफू माळव्यातून मुंबई बंदरात यायची आणि तिथून चीनला जायची. जमशेटजी जीजीभॉयसारख्या व्यापाऱ्यांची संपत्ती त्या व्यापारावर उभी होती. बर्लिनच्या वेशीवर आपल्या देशाची झालेली उपेक्षा ज्याला आयुष्यभर आठवली, त्याला चीनमधल्या कँटनच्या लोकांची बाजू दिसू नये?

निळावंती

त्या उपेक्षेमुळेच दिसली नसेल. दरबारी मानापमानाच्या गोष्टी त्याने वर्षानुवर्षं सोसल्या होत्या. चीनचं प्रकरण त्याने त्याच चष्म्यातून पाहिलं आणि अफूने होणारा नाश दुय्यम धरला. हा मला त्याच्या बुद्धीचा सर्वांत मोठा पराभव वाटतो.

रानवारा

एवढं सगळं करता येणारा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून का पडला?

दर्यावर्दी

@रानवारा, सुरुवातच वाईट झाली. १८२४ च्या निवडणुकीत जॅक्सनला ९९ निर्वाचक मतं, अ‍ॅडम्सला ८४, क्रॉफर्डला ४१, क्लेला ३७. बहुमत कुणालाच नाही, म्हणून निवड प्रतिनिधी सभागृहात गेली. तिथे क्लेने वजन टाकलं आणि १३ राज्यांच्या मतांवर अ‍ॅडम्स निवडून आला. लगेच त्याने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. गेंटचे हे दोघे भांडकुदळ सोबती एकत्र आले आणि विरोधकांनी 'सौदा, सौदा' म्हणून चार वर्षं रान उठवलं. सौदा झाल्याचा पुरावा नाही, पण लोकांना काय दिसेल याचा विचार त्याने करायला हवा होता. राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, रस्ते, कालवे अशा त्याच्या योजना काँग्रेसने बहुतेक उडवून लावल्या. सरकारी नोकरीतल्या विरोधकांना काढायला तो तयार नव्हता. १८२८ मध्ये जॅक्सन १७८, अ‍ॅडम्स ८३.

गेंटला तो चार जणांशी भांडत का होईना, बंद खोलीत काम करत होता. झारला पटवायला एक माणूस पटवणं पुरेसं होतं. मतदारांशी बोलायची, पत्रकं काढायची, माणसं जोडायची कला त्याने शिकून घेतली नाही, आणि ती त्याला कमीपणाचीही वाटायची. माझ्या मते कारण हेच.

कापूसकोंडा

धागा आजच वाचला. निळावंतींनी ज्या सात वर्षांच्या चार्ल्सचा उल्लेख केलाय, त्याचं पुढे काय झालं ते इथे यायलाच हवं.

चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स. १८६१ मध्ये लिंकनने त्याला लंडनला वकील म्हणून पाठवलं. आजोबा आणि वडील दोघांनी सांभाळलेली तीच जागा. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटलेली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. ब्रिटनने दक्षिणेला मान्यता दिली तर सगळा डाव उलटणार होता. सात वर्षं तो तिथे ठाण मांडून बसला. १८६३ मध्ये लिव्हरपूलजवळ लेअर्डच्या गोदीत दक्षिणेसाठी दोन चिलखती नौका तयार होत होत्या. त्या बाहेर पडल्या तर ते युद्धच ठरेल, असं त्याने ५ सप्टेंबरला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेलला लेखी कळवलं. रसेलने नौका अडवण्याचा हुकूम त्याआधीच काढला होता, पण आधीच्या कित्येक महिन्यांचा अ‍ॅडम्सचा तगादा त्यामागे होता.

आणि यादवीच्या चार वर्षांत इकडे मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. खानदेश-वऱ्हाडातला कापूस लँकेशायरला निघाला, बॅकबे भरावाच्या कंपनीचे शेअर्स वेड्यासारखे चढले, प्रेमचंद रायचंदांची सद्दी सुरू झाली. १८६५ मध्ये यादवी संपल्याची बातमी आली आणि तो बाजार कोसळला. ब्रिटन त्या युद्धात उतरलं असतं, नाकेबंदी मोडली असती, तर अमेरिकन कापूस पुन्हा लिव्हरपूलला लागला असता आणि मुंबईची ती तेजी चार वर्षं टिकली नसती, असा माझा अंदाज आहे. वाटसरू, तुम्ही १८१५ च्या कराराचं कलम काढलंत तसं कुणाकडे त्या काळच्या मुंबई बंदरातल्या अमेरिकन जहाजांबद्दल काही असेल तर इथे जरूर लिहा. बोस्टनचा बर्फ जहाजाने मुंबईत यायचा एवढं मला माहीत आहे, त्यापुढचं वाचायला आवडेल.